सर, आहात ना?

१९८९ सालचा डिसेंबर. शहाद्याला माझं दहा खाटांचं हॉस्पिटल सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. उसाचा हंगाम जोरात होता. रात्री नऊच्या सुमारास ट्रॉलीत घोंगडीवर घालून एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलाला आणलं. भरल्या बैलगाडीचं चाक पोटावरून गेलेलं. नाडी १४०, वरचा रक्तदाब ८०च्याही खाली, ओठ पांढरे, पोट ताठ. पोटात सुई घालून पाहिलं, सिरिंज रक्तानं भरली. सोनोग्राफी तेव्हा आमच्याकडे नव्हतीच. धुळं दोन-अडीच तासांवर, आणि या मुलाकडे तेवढा वेळ नव्हता. त्याचे वडील दाराची चौकट धरून उभे होते. अहिराणीत एवढंच म्हणाले, "बठ्ठं बरं व्हई ना, डॉक्टरसाहेब?"

गावातल्या एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी ईथरची भूल दिली. पोट उघडलं. यकृताचा उजवा भाग फाटला होता, दगडावर आपटलेल्या टरबुजासारखा. हातानं दाबून धरलं की रक्त थांबायचं. हात काढला की खळगा पुन्हा भरून यायचा. मी मोठी सुई आणि कॅटगट घेऊन टाके घालायला लागलो. टाका आवळला की दोरा यकृतात रुतत जाई, लोण्यातून ओढल्यासारखा, आणि नवी भेग पडे. तिसऱ्या टाक्याला माझ्या लक्षात आलं की माझे हात थरथरताहेत आणि समोर मदतीला उभ्या असलेल्या सिस्टरनंही ते पाहिलंय.

फोन पुढच्या ओपीडीत होता, थिएटर मागे. मध्ये लांब व्हरांडा. वायर पोचायची काही सोय नव्हती. माझी बायको प्राथमिक शाळेत शिकवायची, आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. तिला खाली बोलावलं आणि म्हटलं, मुंबईला सरांच्या घरी लाइटनिंग कॉल लाव. सर म्हणजे मला शस्त्रक्रिया शिकवणारे माझे गुरू. तेव्हा ट्रंक कॉलचे, म्हणजे एक्स्चेंजमधून जोडून घ्यायच्या दूरगावच्या फोनचे, साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असत. लाइटनिंगला साध्याच्या कितीतरी पट पैसे पडत, पण लाइन आधी मिळे. दहा-बारा मिनिटांत सर फोनवर आले. मग सुरू झाला माझ्या आयुष्यातला पहिला 'रिमोट' सल्ला. सर मुंबईत, मी थिएटरमध्ये, आणि मधल्या व्हरांड्यातून धावणारी, वैद्यकाचं ओ की ठो माहीत नसलेली एक मराठी शाळेची बाई. हाताशी असलेली हजेरीची वही तिनं मागून उघडली होती.

तिनं धापा टाकत आणलेला पहिला प्रश्न होता, "सर विचारतायत, लघवी किती झाली?"

मला संताप आला. इथे यकृत फुटलंय आणि सरांना लघवी सुचतेय. पण सवयीनं पाहिलं. टेबलाखालच्या बाटलीत चमचा-दोन चमचे. ती पळाली, परत आली. "सर म्हणतायत, म्हणजे मुलगा रक्तानं रिकामा झालाय. शिवत बसू नकोस."

त्यानंतरची सगळी वाक्यं त्या वहीत आहेत, वही अजून आमच्याकडे आहे. 'हिपॅटो डुडीनल, बोटाने चिमटीत धरणे.' त्याच्याखाली 'प्रिंगल', आणि शेजारी प्रश्नचिन्ह. यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचा पदर अंगठा आणि बोट यांच्यात चिमटून धरायची ही युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जननं १९०८ साली लिहून ठेवली. मी ती परीक्षेत लिहिली होती. टेबलापाशी आठवली नव्हती. चिमूट धरली आणि खळगा भरायचा थांबला. मी ओरडलो, "सर काय म्हणतायत?"

"मॉप घाल म्हणतायत. वरून आणि खालून. घट्ट. आणि बाहेर ये." मॉप म्हणजे रक्त टिपायचे जाड कापडी तुकडे.

"बाहेर ये म्हणजे?"

ती पळाली, आली. "पोट बंद कर म्हणतायत. आत तसेच ठेवून. परवा काढायचे. आणि किती घातले ते मोजून भिंतीवर लिहून ठेव म्हणतायत."

एक्स्चेंजचा ऑपरेटर मध्येच "तीन मिनिटं झाली" म्हणायचा, ती त्या काळची रीत. त्या रात्री पहिल्या तीन मिनिटांनंतर तो बायकोला म्हणाला, "बाई, मी ऐकतोय, लाइन कापत नाही. तुम्ही पळा." त्याचं नाव मला कधी कळलं नाही.

पाच मॉप. भिंतीवर खडूनं पाच उभ्या रेघा. नातेवाइकांतून गट जुळवून रक्त मिळालं. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पोट उघडलं, पाचही मॉप सलाइननं भिजवून हळूहळू सोडवले, आणि यकृत कोरडं होतं. मुलगा घरी गेला. पुढे चार वर्षांनी, १९९३ साली, फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी अशाच शस्त्रक्रियांवर लेख लिहिला आणि 'डॅमेज कंट्रोल' हा शब्द जगभर रूढ झाला. आधी रक्त थांबव, घाण आवर, पोट झाक, माणूस गरम कर, आणि उरलेलं नंतर. आमच्या घरात या सगळ्याला आजही 'बाहेर ये' म्हणतात.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण गावाकडच्या सर्जनला दुरून मदत करायची म्हणजे नेमकं काय, हे मला त्या रात्री जे कळलं त्यात पुढच्या पस्तीस वर्षांत फार भर पडलेली नाही. सरांनी मला नवं कौशल्य दिलं नाही. चिमूट मला माहीत होती, मॉप घालता येत होते. मला येत नव्हतं ते थांबणं. एकट्या सर्जनला मध्येच थांबणं म्हणजे हरणं वाटतं. दारात बाप उभा आहे, गाव बाहेर जमलंय, आणि आपण फाटलेलं यकृत तसंच ठेवून पोट शिवायचं? हा निर्णय एकट्यानं पेलण्याइतका मी मोठा नव्हतो. ते ओझं सरांनी मुंबईहून उचललं.

मेडिकल कॉलेजात शिकताना हे एकटेपण कुणी सांगत नाही, कारण तिथे ते नसतंच. रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ सर्जन, अडला की लेक्चरर येतो, तो अडला की थिएटरचं दार ढकलून कुणीतरी मास्क धरत डोकावतं आणि म्हणतं, "काय अडलंय?" तो एक प्रश्न किती मोठा आधार असतो, हे तालुक्याला गेल्यावर कळतं. तिथे दार ढकलून येतो तो वॉर्डबॉय, डिझेल संपत आलंय हे सांगायला.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१५ साली हिशेब मांडला. जगातल्या सुमारे ५०० कोटी माणसांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. कुठलंही पहिल्या पातळीचं रुग्णालय कामाचं आहे की नाही हे ओळखायला त्यांनी तीन शस्त्रक्रिया धरल्या: सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या हाडमोडीवरचा इलाज. यादी फार शहाणपणाची आहे. या तीन गोष्टी जिथे होतात तिथे आपोआप भूल असते, रक्त असतं, निर्जंतुक कपडा असतो, रात्री उठणारी माणसं असतात. मला त्यात एक चौथी गोष्ट घालावीशी वाटते. रात्री दोन वाजता विचारायला कुणी आहे का?

दूरवरून शस्त्रक्रिया म्हटलं की लोकांना रोबोट आठवतो. तो इतिहासही रोमांचक आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या एका बाईंचं पित्ताशय काढलं, झ्यूस नावाच्या रोबोटच्या हातांनी, अटलांटिकखालच्या केबलवरून. एकट्यानं अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या विमानप्रवासाची आठवण म्हणून त्या शस्त्रक्रियेला त्याचं नाव दिलं. मी पेपरात वाचलं तेव्हा कात्रण काढून ठेवलं होतं.

पण माझा जीव जडला तो दोन वर्षांनंतरच्या कॅनडातल्या कामावर. हॅमिल्टनचे मेहरान अन्वरी आणि तिथून सुमारे ४०० किलोमीटरवर उत्तरेला नॉर्थ बे नावाच्या गावातले सर्जन क्रेग मॅकिन्ली. २००३ पासून दोघांनी मिळून विसाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. रोबोट त्यांच्याकडेही झ्यूसच होता. महत्त्वाचं हे की नॉर्थ बेच्या टेबलापाशी त्या गावाचा सर्जन उभा असायचा. रुग्ण त्याचे होते, दुसऱ्या दिवशी राउंडला तोच जाणार होता, आणि अन्वरींची नजर, कधी त्यांचे हातही, त्याच्या सोबतीला असत. झ्यूस बनवणारी कंपनी त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि ते यंत्र मागे पडलं. यंत्रं अशी जातात. मॅकिन्ली शिकले ते मात्र नॉर्थ बेमध्येच राहिलं.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं. २००८, पूर्व काँगोतलं रुत्शुरू. सोळा वर्षांचा मुलगा, हात आधीच कापलेला, उरलेला भाग सडत चाललेला. डेव्हिड नॉट या ब्रिटिश सर्जनला खांद्याच्या फऱ्यासकट सगळं काढायचं होतं आणि ती शस्त्रक्रिया त्यानं आधी कधी केली नव्हती. त्यानं लंडनमधल्या मेरियन थॉमस या सहकाऱ्याला विचारलं, आणि थॉमसनी पायऱ्या एसएमएसनं पाठवल्या. मुलगा जगला. मेसेज वाचून इतकी मोठी शस्त्रक्रिया करता आली, कारण वाचणारा तरबेज होता आणि पाठवणाऱ्याला तो किती तरबेज आहे हे ठाऊक होतं. आमच्या व्हरांड्यातही तेच होतं. सरांनी मला तीन वर्षं शिकवलं होतं. माझे हात काय करू शकतात आणि कुठे थरथरतात, हे त्यांना मुंबईत बसून माहीत होतं.

आपल्याकडे हे काम माणसांनी आपापसात फार आधीपासून केलंय. आमच्याजवळच, दोंडाईच्याला, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर होते. हर्नियाची महागडी जाळी गरिबाला परवडत नाही म्हणून त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. ते वेगवेगळ्या गावांतल्या सर्जनांच्या हातून तपासून घेतलं आणि २००३ साली सगळ्यांनी मिळून ते छापलं. काही रुपयांचा तुकडा. पुढे आफ्रिकेतही हर्नियासाठी मच्छरदाणी वापरली गेली. म्हणून 'शहरातला तज्ज्ञ गावाला शिकवतो' असं कुणी म्हटलं की मी अडवतो. ज्यानं कधी दिवे गेलेल्या थिएटरात टॉर्चच्या उजेडात पोट शिवलं नाही, त्याचा सल्ला शंभर टक्के बरोबर आणि शंभर टक्के निरुपयोगी असू शकतो. "आतडं जोडायला स्टेपलर मार" म्हणणं सोपं आहे. स्टेपलर कुठाय?

२०१९ साली आम्ही पुण्याला मुलीकडे आलो. पुढच्या वर्षी मी ऑपरेशनं बंद केली. त्याच सुमारास ओळखीतून काही तरुण सर्जन फोन करायला लागले. आता अशी सात जण आहेत, खानदेशापासून मेळघाटापर्यंत. शनिवारी रात्री सगळ्यांची एकत्र तासभर बैठक होते, आठवड्यातल्या अडलेल्या केस मांडायला. ही कल्पना माझी नाही. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत न्यू मेक्सिकोत २००३ साली हिपॅटायटिस सीच्या रुग्णांसाठी 'एको' नावानं हे सुरू केलं. तज्ज्ञाकडे रुग्णांची रांग लावण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टरांनी तज्ज्ञाबरोबर दर आठवड्याला बसायचं. आम्ही सात-आठ जण तेच करतो, फक्त पोटाच्या शस्त्रक्रियांचं.

आणि मधूनच, कधीही, थेट थिएटरमधून फोन येतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया असेल तर कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमार्गे सरळ माझ्याकडे येतं. पोट उघडलेलं असेल तर सलाइनच्या स्टँडला बांधलेला मोबाइल. मी जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून बसतो.

पहिल्या काही महिन्यांत माझ्या लक्षात आलं की मला मराठी बोलता येत नाही. म्हणजे ऑपरेशनची मराठी. टेबलापाशी असताना मी आयुष्यभर 'हे', 'ते', 'इकडे', 'थोडंसं' यावर काम भागवलं होतं, कारण हात बोलत होता. पुण्यातून 'थोडंसं वर घे' म्हटलं तर वर म्हणजे डोक्याकडे, छताकडे, की पडद्याच्या वरच्या कडेकडे? डावं म्हणजे रुग्णाचं, तिथल्या सर्जनचं की माझं? आता आम्ही घड्याळ वापरतो: "दोन वाजता बघ, पाच वाजता ओढ." डावं-उजवं नेहमी रुग्णाचं. 'थोडंसं' हा शब्द बंद. मुगाच्या दाण्याएवढं, ज्वारीएवढं, नखाच्या कडेएवढं. सांगितलेलं तिथल्या सर्जननं पुन्हा म्हणायचं आणि मगच करायचं. आणि सगळ्यांत कडक नियम: चित्र थांबलं की हात थांबला. नेटवर्क अर्ध्या सेकंदानं मागे असेल तर मी जे पाहतो ते घडून गेलेलं असतं. क्लिप लावायच्या क्षणी पडद्यावर फिरणारं चाक आलं, तर मी पाहत नाहीये असं समजायचं.

हे नियम कुठल्या पुस्तकातले नाहीत. आणखी एक नियम तर माझ्या चुकीतून आला.

तीन वर्षांपूर्वी पीळ पडलेल्या आतड्याची केस होती. पीळ सोडवला, गरम सलाइनचे मॉप गुंडाळून पाच मिनिटं थांबलो. मोबाइलवर आतडं मला गुलाबी दिसलं. टेबलापाशी उभ्या असलेल्या सर्जननं विचारलं, "सर, जरा काळपट वाटतंय का?" मी म्हटलं, "छान आहे, ठेव." काढायची गरज नाही म्हणून पोट बंद करायला लावलं. तिसऱ्या दिवशी ते आतडं फुटलं. पुन्हा पोट उघडावं लागलं, रुग्ण महिनाभर खाटेवर होता, आणि वाचला. मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनानं सुधारून दाखवतो हे मला माहीत नव्हतं. पण खरी चूक ती नव्हे. तिथे उभ्या असलेल्या माणसाचे डोळे मला काहीतरी सांगत होते आणि मी माझ्या काचेवर जास्त विश्वास ठेवला. तेव्हापासून आतड्याशेजारी आधी गॉजचं पांढरं कापड धरायचं. गॉज मला पिवळा किंवा निळा दिसला, तर आतड्याचा रंगही खोटा. मग मी रंग पाहतच नाही. विचारतो: चमक आहे का, चिमटा लावल्यावर आकुंचन पावतं का, मेसेंटरीत, म्हणजे आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्यात, बोटाला ठोके लागतात का. आणि तिला किंवा त्याला शंका असेल, तर माझ्या खात्रीपेक्षा ती शंका मोठी धरायची.

त्या रुग्णाच्या नातेवाइकांशी मी स्वतः फोनवर बोललो. माझा सल्ला चुकला हे सांगितलं. कायद्यानं तसं बंधन नव्हतं. केंद्र सरकारची २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत दुरून शस्त्रक्रिया करणं येतच नाही. एका डॉक्टरनं दुसऱ्याचा सल्ला घेतला तर उपचारांची जबाबदारी सल्ला मागणाऱ्यावर राहते. ज्याच्या हातात सुरी त्याच्यावर जबाबदारी, हे मला तत्त्वतः पटतं. पण मग दुरून बोलणाऱ्याला फार स्वस्तात मोठं होता येतं. म्हणून मी काय सांगितलं ते त्याच रात्री वेळेसकट लिहून पाठवतो, ते केसपेपरला लागतं. संमतीच्या कागदावरही एक ओळ असते की पुण्याचे एक डॉक्टर कॅमेऱ्यातून बघणार आहेत. कॅमेऱ्यात चेहरा येऊ द्यायचा नाही.

आणखी एक प्रसंग मनात सलतो. एका रुग्णालयात मला बोलावलं होतं, टेलिमेडिसिन कक्ष बघायला. भिंतभर पडदा, रिमोटवर फिरणारा कॅमेरा, उद्घाटनाची संगमरवरी पाटी. पडद्यावर प्लॅस्टिकचं आवरण तसंच होतं आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या कारकुनाकडे. दोन वर्षांत त्यावरून एकही शस्त्रक्रिया पाहिली गेली नव्हती. मी विचारलं, पलीकडे कोण बसतं? तेव्हा कळलं की पलीकडच्या माणसाची तरतूदच नाही. यंत्राला पैसे मंजूर झाले होते, माणसाच्या तासाला नाही. मला याचं फार वाईट वाटतं. मोठ्या कॉलेजातल्या एका सहयोगी प्राध्यापकाचे आठवड्यातले चार तास त्याची ड्युटी म्हणून कागदावर लिहून द्या, त्याला दोन-तीन तालुक्यांतली ठरावीक माणसं नेमून द्या आणि वर्षातून एकदा त्यांच्या थिएटरात पाठवून तिथलं सक्शन कसं घरघरतं ते ऐकू द्या. बाकीचं साध्या मोबाइलवरही भागतं. आज हे सगळं गुरुशिष्यांच्या लोभावर चाललंय. ज्याला सर नाहीत त्यानं कुणाला विचारायचं?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचंच बघा. डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी १९९० साली मुंबईत आपल्या देशातलं पहिलं पित्ताशय दुर्बिणीनं काढलं. पाच-दहा वर्षांत ती विद्या तालुक्यापर्यंत आली. पण कशी आली? दोन-तीन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो, आणि सोमवारी आपण आपल्या गावात एकटे. पहिली काही ऑपरेशनं हीच सगळ्यांत धोक्याची, आणि नेमकी तीच बिनसोबतीची.

माझ्या सात जणांत एक मुलगी आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका धर्मादाय रुग्णालयात. तिच्या पहिल्या वीस-बावीस पित्ताशयांना मी बसलो. यकृताच्या खालच्या अंगाला रूव्हिएची घळ म्हणून एक खूण असते. ती आधी दाखवायची आणि तिच्या रेषेच्या खाली उतरायचं नाही. मग पित्ताशयाच्या नळीजवळचा त्रिकोण साफ करायचा, पित्ताशयाचा तळ यकृतापासून सुटा करायचा, आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी शिरताना दिसल्या तर आणि तरच क्लिप. सुरुवातीला मी पडद्यावर बोटानं रेघा काढायचो, त्या तिला तिथे दिसायच्या. पुढे रेघा कमी झाल्या. नंतर नंतर मी दीड-दीड तास नुसता बसून असायचो. अधूनमधून ती विचारायची, "सर, आहात ना?" मी म्हणायचो, "आहे." एवढंच.

एकदा त्रिकोण उलगडेचना. सगळं चिकटलेलं, सुजलेलं. अर्धा तास गेला. मी म्हटलं, "बाहेर ये." तिनं पित्ताशय उघडलं, खडे काढले, गळ्याचा भाग तसाच ठेवला, ड्रेन, म्हणजे आतला पाझर बाहेर काढणारी नळी, घातला. नातेवाईक म्हणाले, अर्धंच काढलं? पैसे पूर्ण घेतले आणि अर्धंच? ती रडवेली झाली होती. मी व्हिडिओवर त्यांना सांगितलं की उरलेलं अर्धं काढायला गेली असती तर पित्ताची जी मुख्य नळी कापली गेली असती, ती जन्मभर शिवून घेत फिरावं लागलं असतं. "ताईंनी तुमचा माणूस वाचवलाय." माझ्या पांढऱ्या केसांना गावात मान मिळतो. तिच्या निर्णयाला तो मिळायला वेळ लागेल, तोवर माझे केस तिला उसने.

गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेबाराला तिचा फोन आला. धडगावकडच्या डोंगरातली एक बाई, पंचेचाळीसच्या आसपास. तीन दिवस पोटात दुखतंय, नाल्याला पाणी म्हणून यायला उशीर. लघवीच्या पिशवीत काही नाही. पोट उघडलं तर जठराच्या पुढच्या आतड्याला भोक, आणि भोक नेहमीसारखं मसुराएवढं नाही, रुपयाच्या नाण्याहून मोठं, कडा कुजलेल्या. मी गॉज धरायला लावला. रंग खरा होता.

"सर, ओमेंटमचा पॅच लावते." ओमेंटम म्हणजे पोटातला चरबीचा पदर.

"टाका धरेल?"

ती थांबली. एक टाका घालून बघितला. कडा फाटली. मोबाइलमधून मला तिचा श्वास ऐकू येत होता. भूलतज्ज्ञ मागून सांगत होते की दाब ७० वर आलाय, आवरा.

"सर, मग कापून नवा जोड करू का?" तिचे हात ते करू शकले असते. दिवसा, रक्त असताना, लघवी होत असलेल्या माणसावर. मी विचारलं, "तुझ्याकडे फोलीज किती आहेत? मॅलेकॉट आहे?" या दोन्ही रबरी नळ्या. फोलीज तीन, मॅलेकॉट एक. मग आम्ही नळ्यांचं ठरवलं. भोकावर जमेल तसा पदर टाकायचा. एक नळी जठरात. एक खालून उलटी वर, त्या भोकाजवळचा रस बाहेर काढायला. एक त्याच्याही पुढे, उद्यापासून अन्न द्यायला. दोन ड्रेन. पोट धुवायचं आणि बाहेर यायचं. तिला हे सगळं करता येत होतं. एकेक नळी घालताना ती मोठ्यानं सांगत होती आणि मी पुण्यात मान हलवत होतो, जी तिला दिसत नव्हती.

दोनदा चित्र गेलं. दोन्ही वेळा अंधारातून तिचा आवाज आला, "हात थांबलाय, सर." दुसऱ्यांदा जवळजवळ चार मिनिटं. माझ्यामागे बायको उठून आली होती, तिनं न विचारता समोर चहा ठेवला आणि बाजूला खुर्ची ओढून बसली. चित्र परत आलं आणि मग शेवटची नळी कातडीला शिवून झाली.

"सर, आहात ना?"

"आहे."

एक वाजून चाळीस मिनिटांनी पोट बंद झालं. मी काय काय सांगितलं ते लिहून पाठवलं. झोप लागली नाही.

पहाटे सव्वापाचला मोबाइल वाजला. मेसेज नव्हता, नुसता फोटो होता. खाटेच्या कडेला अडकवलेली लघवीची पिशवी, मागे खिडकीतून आलेला उजेड, आणि पिशवीत दीडशेच्या रेघेपर्यंत फिकट पिवळी लघवी. मी मोबाइल बायकोपुढे धरला. तिनं चष्मा शोधला, लावला, आणि रेघेवर बोट ठेवून आकडा वाचला.